गंध कोणासाठी?

सुगंध हा विलासाचा विषय. त्याचा नीतीशी संबंध तो काय, असे आम्ही आजवर समजत आलो. चेन्नईस बदली होऊन आल्यावर एका शुक्रवारी आमचा हा समज ढळला.

मैलापुरास कपालीश्वराच्या देवळाभोवती फुलवाल्या बसतात. मोगऱ्याची माळ येथे हातानेच मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाला 'मुळम' म्हणतात. म्हाताऱ्या फुलवालीने आमच्या पत्नीस एक माळ दिली आणि दुसरी मातोश्रींपुढे धरली. मातोश्रींनी हात मागे घेतला. ''आता मला कशाला?'' एवढेच त्या म्हणाल्या. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. सुधारकांची चरित्रे वाचून वाढलेल्या आम्ही मुकाट्याने एकाच माळेचे पैसे दिले.

त्याच रात्री मातोश्रींच्या खोलीवरून जाताना मंद दरवळ आला. त्यांच्या ट्रंकेत 'जॉय' या अत्तराची एक चिमुकली कुपी आहे; वडिलांच्या मित्राने कधीकाळी फ्रान्सहून आणलेली. पॅरिसच्या झाँ पातू यांच्या पेढीने हे अत्तर १९३० साली काढले. जगावर मंदीचे सावट होते, आणि जाहिरात मात्र 'जगातील सर्वांत महाग अत्तर' अशी! औंसभर अत्तरास दहा हजारांवर जाईची फुले व अठ्ठावीस डझन गुलाब लागतात, असे पेढी सांगत असे. पुढे २०१८ साली 'जॉय' हे नाव दुसऱ्याच पेढीच्या अत्तरास मिळाले. जुना 'जॉय' आता असल्या ट्रंकांतूनच उरला असेल.

या कुपीची ओढ कशाची? किमतीची खास नव्हे. कोणी म्हणेल, अत्तर लावणाऱ्याच्या नाकाला त्याचा वास काही वेळाने जाणवेनासा होतो. म्हणजे सुगंध हा दुसऱ्यासाठीच. पण मग दार लोटून, दिवा मालवून मनगटावर लावलेला थेंब कोणासाठी? तो गेलेल्या पतीच्या आठवणीसाठी असेल, किंवा केवळ स्वतःच्या सुखासाठी. ते विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हांस उमगले ते इतकेच, की केसांतले फूल चारचौघांना दिसते, म्हणून त्याला चारचौघांची परवानगी लागते. गंध दिसत नाही. म्हणून जे फुलाला नाकारले, ते त्याला अंधारात मिळते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हा आम्ही कचेरीत त्याचे कौतुक केले होते. दूरच्या गावाचे कौतुक करण्यास काही खर्च येत नाही. मैलापुरात एका माळेच्या पैशांचा प्रश्न आला, तेव्हा आमचा हात खिशातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोन मुळम मागितले. मातोश्रींनी आपली माळ घेतली, क्षणभर ओंजळीत धरून हुंगली, आणि घरी येऊन देवाला वाहिली. आम्ही काही बोललो नाही. हा नकार त्यांचा होता; आधीच्या शुक्रवारचा मात्र त्यांच्याइतकाच आमचाही होता.

तेव्हापासून आम्ही दर शुक्रवारी दोन मुळम घेतो. त्यांचे काय करावयाचे, ते त्यांनी ठरवावे.