डोक्यावरची माती

आमच्या भागात गावाला दोन जमिनी. पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. घर पांढरीतून उभं राहायचं. पडलं की दगड दुसऱ्याच्या भिंतीला, तुळई गोठ्याला, आणि माती गाडीत भरून काळीत खत म्हणून. टाकून द्यावं असं मागं काही राहायचंच नाही. म्हणून धाकट्यानं शेतात घर बांधायचं काढलं, तेव्हा मी म्हणालो, जुन्या वळणाचं बांध. तो म्हणाला, "आबा, माळवदानं माणसं मारली, इसरलात का?"

इसरेन कसा? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपलेले. किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर दीड-दोन फूट पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती चढायची; जुनी कुणी उतरवत नव्हतं. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती झोपेत अंगावर आली.

मग जुनं वाईट म्हणायचं का? जुन्यांनी हाताशी होतं त्यात भागवलं, हे शहाणपण घेण्याजोगं आहे. पण वाडवडलांचं म्हणून ते ओझं लेकरांच्या डोक्यावर ठेवणं, हा कुठला धर्म? स्लॅबचं घर नीट बांधलं तर भूकंपात टिकतं, हे खरं. पण वैशाखात रात्रभर धग सोडतं, आणि उद्या पाडलं तर तो राडा नातवानं कुठल्या रानात टाकायचा?

मला गोठ्यानं वाट दाखवली. लाकडी मेढी, कुडाच्या भिंती, वर हलकं छप्पर. वजनच नाही, तर चिरडणार काय? भूकंपातही काही घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खणांवर छत तोलून राहिलं आणि आतली माणसं वाचली.

तेव्हा इंजिनिअरला विचारून ठरवलं ते असं. पाया मुरमापर्यंत. मुरमाड मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या भिंती. जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा. वर कौलं, म्हणजे छत हलकं. जिथं जीव टांगलेला, तिथंच सिमेंट-लोखंड, बाकी माती.

घर बांधताना दोघांचा विचार व्हावा एवढंच माझं म्हणणं. एक, आत निजणारं लेकरू. दुसरा, पन्नास-साठ वर्षांनी त्याच जागेवर औत धरणारा. तो आपल्याला ओळखणारही नाही, पण रान त्याचंही आहे.