ज्याचे ऐकले जात नाही, त्याने कसे बोलावे?



ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांत आता मास मीडियाची पदवी घेता येते. वृत्तपत्रे आणि चित्रपट समाजाचे मन कसे घडवितात, चळवळींनी ही साधने कशी वापरली, याचा तेथे अभ्यास होतो. बारावी झालेली आपली मुलेमुली तिकडे वळत आहेत. मी शाळेत शिकविते. पदवी घेणारी आमच्या घरातील मी पहिलीच. म्हणून पालक मला विचारतात, "बाई, हे शिकून पोरगी करणार काय? नोकरी लागेल का?" नोकरीचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो आपल्या प्रत्येक घराचा आहे. ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्याने बोलावे तरी कसे?

या प्रश्नाशी पहिली मोठी झुंज बाबासाहेबांनी दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. लक्षात घ्या, जाहिरात पैसे मोजून द्यायची होती, फुकट नव्हे. तरीही जागा मिळाली नाही. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा नाही, हा धडा तेथेच मिळाला.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे चाखले गेले. त्यानंतर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. प्रतिकार करण्याची ताकद आपल्याकडे नव्हती असे नाही. माणसे सज्ज होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. आणि केले काय? अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू केले. पत्राचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. महाडमध्ये काय घडले, आपला हक्क कोणता, विरोधकांचे म्हणणे कोठे चुकते, हे सारे मुद्द्याला मुद्दा लावून मांडले. लाठीला उत्तर त्यांनी दिलेच. पण ते असे दिले की शंभर वर्षांनंतरही खोडता येऊ नये.

आता आपल्या काळाकडे या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील सुरेखाताई, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर या चौघांची हत्या झाली. चार माणसे मारली गेली, तरी मोठ्या वृत्तपत्रांना त्याचे गांभीर्य उमगायला आठवडे लागले. उलट त्या माउलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारी कुजबुज आधी पसरली. सत्य बाहेर आणले ते गावात जाऊन विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, त्यांच्या अहवालांनी आणि हातोहात फिरलेल्या पत्रकांनी.

त्याच वर्षी कानपूर येथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. आधीच धुमसत असलेला संताप उसळला, आणि ३० नोव्हेंबरला आपल्याच भागात, उल्हासनगरजवळ, डेक्कन क्वीनचे डबे पेटविण्यात आले. जळत्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. जी वृत्तपत्रे चार प्रेतांपाशी आठवडेच्या आठवडे थांबली नाहीत, ती जळत्या डब्यांपाशी एका रात्रीत पोहोचली.

यावरून काही जण म्हणतात, "पाहा, जाळल्याशिवाय कोणी ऐकत नाही." वाचकहो, हे वाक्य नीट तपासा. त्या दिवशी देशाने ऐकले ते काय? खैरलांजीची कहाणी ऐकली का? नाही, गाडी पेटल्याचे ऐकले. चर्चा सुरू झाली ती जाळणाऱ्यांची. मारले गेलेले मागे पडले. संताप न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या गाडीतल्या प्रवाशाने भोतमांगे कुटुंबाचे काय बिघडविले होते?

आणि न्यायालयात काय टिकले? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. परंतु अॅट्रॉसिटीच्या कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. ज्या गोष्टीने आपले काळीज फाटले, तीच कागदावर उभी राहिली नाही. सुरुवातीच्या दिवसांतील तपास ढिसाळ होता आणि त्या दिवसांत जे निसटते ते पुढे हाती लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी घटनास्थळी जाणारी, तारीख-वार लिहून घेणारी, छायाचित्र जपून ठेवणारी आपली माणसे हवीत. तुमची मुलगी महाविद्यालयात हे शिकणार असेल, तर ते शिक्षण वाया जाणार नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. "मोठी पत्रे खोटे छापतात, अर्धसत्य छापतात. मग पुराव्याची सक्ती आमच्यावरच का?" खरे आहे, हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. बड्यांची चूक दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या दोन ओळींत दुरुस्त होते. आपल्या दहा खऱ्या तक्रारींत एक खोटी निघाली की दहाही खोट्या ठरतात. पण खरे बोलण्याचे कारण एवढेच असते, तर तो केवळ व्यवहार झाला असता. आपण पंचशीलातील चौथे शील घेतो, ते कोणा संपादकाला दाखविण्यासाठी नव्हे. खोटी बातमी शत्रूच्या आधी आपल्याच वस्तीला फसविते, आपल्याच पोरांची माथी भडकविते.

मग सम्यक वाचा म्हणजे गप्प बसणे काय? मुळीच नाही. अभय राजकुमाराने भगवंतांना विचारले होते, तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतील काय? राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने तोंडात खडा घातला तर काय कराल? तो म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. भगवंतांनी सांगितले की जे सत्य आहे आणि हिताचे आहे, ते अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. जे असत्य आहे, ते कोणाला कितीही गोड वाटो, ते बोलत नाहीत.

समाजाच्या तोंडात जातीचा खडा आहे. तो काढताना रक्त येईल, आरडाओरडा होईल, काढलाच पाहिजे. पण खडा काढणारे बोट आणि गळा दाबणारा हात यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. बाबासाहेबांना एक पत्र चालविताना कर्जाची चिंता होती. आपण एका बोटाने हजारांपर्यंत पोहोचतो. म्हणून आजच घरात एक नेम करा. अत्याचाराची बातमी आली की पुढे पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: कोठे घडले, कधी घडले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? उत्तर मिळाले नाही, तर थांबा. मिळाले, तर कोणाला न घाबरता सांगा, लिहा, तक्रार नोंदवा आणि तिची प्रत जपून ठेवा. हे ज्या घरात होईल, त्या घरातील मुलगी मास मीडिया शिको वा न शिको, 'मूकनायका'चे काम तिच्या हातून होईल.

जयभीम.