पेंढा आणि खाट

“मावशी, आत ये ना. राणीची कोठडी इथंच होती.”

“तू बघून ये. मी या अंगणात बरी आहे.”

पॅरिसची कॉन्सिएर्जरी म्हणजे आधी राजवाडा, मग तुरुंग; त्यातलं हे बायकांचं अंगण. मध्ये दगडी कारंजं. कैदी बायका त्यावर कपडे धूत. 1793 साली राणी मारी आंत्वानेत इथं अडीच महिने होती, 16 ऑक्टोबरला ती गिलोटिनकडे गेली. पुढे तिच्या दिरानं, अठराव्या लुईनं, कोठडीच्या जागी प्रार्थनाघर केलं.

“तिच्यावर राग आहे तुझा?”

“दिरावर म्हण हवं तर. क्रांतीच्या न्यायासनानं अडीच हजारांवर माणसांना इथं मृत्युदंड दिला, आणि प्रार्थनाघर एकीचं! पैसे मोजले तर खाट, नाहीतर पेंढा, अशी इथली रीत. बाहेर समतेच्या घोषणा चालू असतानाही आत खाटेचं भाडं सुटलं नव्हतं.”

“आणि मघाशी खालच्या दालनात अर्धा तास कमानी बघत होतीस, तेव्हा राजा नाही खुपला?”

“ते दालन नोकरांच्या पंगतीचं. चौथ्या फिलिपच्या काळातलं, चौसष्ट मीटर लांब. राजाचा थाट वरच्या मजल्यावर.” मावशी शाळेत इतिहास शिकवायची, तिला कोंडीत पकडणं सोपं नाही.

“पण मावशी, खटल्यात तिच्या आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून तिच्यावर घाणेरडा आरोप वदवून घेतला होता. तेव्हा ती काही राणी म्हणून बोलली नाही. समोर बसलेल्या आयांकडे बघून बोलली.”

“माहीत आहे मला. म्हणूनच आत येत नाहीये. आत गेले तर रडू येईल, आणि मग पेंढ्यावरच्यांसाठी का आलं नाही, याचं उत्तर द्यावं लागेल.”

“कुणाला?”

ती काही बोलली नाही.

मग आम्ही नावांच्या खोलीत गेलो. तिथं त्या न्यायासनापुढे उभ्या केलेल्यांची यादी भिंतींवर आहे. मावशी चष्मा वर-खाली करत एकेक नाव वाचू लागली. दहा मिनिटांनी म्हणाली, “यातला पेंढ्यावरचा कोण, खाटेवरचा कोण, काही कळत नाही रे.”

“मग?”

“ते प्रार्थनाघर किती वाजता बंद होतं?”