वाढीव जागा कोणाची?

पायथनमध्ये टीकिंटर वापरून नवशिका प्रोग्रामर आपला पहिला फॉर्म बांधतो. डावीकडे ‘नाव’, ‘पत्ता’ ही लेबलं, उजवीकडे भरायचे रकाने, खाली ‘जतन करा’ हे बटण. सगळं नीट चालतं. मग तो विंडो मॅक्सिमाइझ करतो, तर अख्खा फॉर्म वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला आणि बाकी विंडो रिकामी.

असं होतं कारण टीकिंटरच्या ग्रिड पद्धतीत प्रत्येक कॉलमला ‘वेट’ नावाचा आकडा असतो. विंडो वाढली की वाढीव जागा त्या आकड्यांच्या प्रमाणात वाटली जाते, आणि कोणी काही सांगितलं नसेल तर प्रत्येकाचं वेट ० धरलं जातं. म्हणजे जागा आहे, पण वारस नेमलेला नाही. इथे प्रोग्रामरला नीतिशास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: जे जास्तीचं आलं, त्यावर हक्क कोणाचा?

सर्वांना सारखं, हे पहिलं सुचणारं उत्तर. दोन्ही कॉलमना वेट १ देऊन पाहावं. ‘पत्ता’ हा शब्द विंडो केवढीही झाली तरी तेवढाच राहतो. त्याच्या वाट्याची जागा नुसती पडून राहते आणि ज्याला खरोखर लांब ओळ लिहायची आहे, तो रकाना अर्ध्यावर अडतो. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात बासरीचं उदाहरण घेतलं आहे: उत्तम बासरी कुलीनाला नव्हे, उत्तम वाजवणाऱ्याला मिळावी. फॉर्मलाही तोच न्याय लागू पडतो. लेबलाच्या कॉलमला ०, रकान्याच्या कॉलमला १. पिनकोडचा रकाना त्याच कॉलममध्ये असला तरी तो ताणू नये. सहा अंकांना तेवढी जागा कशाला?

तरीही रकाना हलत नाही. नवशिके इथे हमखास अडतात. वेटमुळे जागा कॉलमला मिळते, रकान्याला नाही. त्याने ती व्यापावी म्हणून ‘स्टिकी’ या पर्यायात पूर्व आणि पश्चिम दोन्ही दिशा सांगाव्या लागतात. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्डच्या व्याख्यानात हाच भेद मांडला होता. दोन माणसांना सारखी साधनं दिली म्हणून दोघं सारखं जगू शकतात असं नाही. त्या साधनांचं माणूस काय करू शकतो, तेही पाहावं लागतं. स्टिकीविना वेट म्हणजे हातात न आलेला हक्क. शिवाय फॉर्म ज्या फ्रेममध्ये आहे ती फ्रेमच विंडोबरोबर वाढत नसेल, तर आतली सगळी वाटणी कागदावरच राहते.

खरी कसोटी विंडो आखडते तेव्हा. टीकिंटरच्या ग्रिडमध्ये वेट ० असलेला कॉलम आपली रुंदी सोडत नाही. ज्याला वाढ मिळते, त्यालाच तूटही सोसावी लागते. ॲपलने २०११ मध्ये मॅकवर आणलेल्या ऑटो लेआउटमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वाढायला किती विरोध आणि आक्रसायला किती विरोध, यांचे आकडे स्वतंत्र. सर्वसाधारणपणे पहिला २५०, दुसरा ७५०. ही रचना अधिक न्याय्य वाटते, कारण लाभाला पात्र असलेला तोटा सोसण्याइतका सक्षम असेलच असं नाही.

टीकिंटरच्या ‘पॅक’ या दुसऱ्या पद्धतीत तर आखडताना केवळ क्रम चालतो. आधी ठेवलेल्याला जागा आधी मिळते आणि टंचाई आली की शेवटी ठेवलेला कापला जातो. त्यामुळे छोट्या लॅपटॉपवर नेमकं ‘जतन करा’ गायब होतं, कारण सवयीने ते शेवटी लिहिलेलं असतं. अनुभवी प्रोग्रामर ते बटण खालच्या बाजूला धरून सर्वांत आधी पॅक करतात आणि अनेक ओळींची पत्त्याची चौकट सर्वांत शेवटी. मग जागा कमी पडली की झळ त्या चौकटीला बसते. तिच्यातला मजकूर निदान स्क्रोल करून वाचता येतो.