पावसाच्या रात्रीची झोप

खालापूर तालुक्यात चौकवरून जाताना इर्शाळगड दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बरीच माणसं झोपेत होती, बाहेर मुसळधार पाऊस होता. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ताच राहिले आणि 23 जुलैला शोध थांबवला गेला.

वाचलेल्यांना डोक्यावर छप्पर मिळतं. झोप मात्र लगेच मिळतेच असं नाही. कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याचीही झोप अपुरीच, पण सुट्टी मिळाली की तो दुपारी घोरतो. आघात सोसलेल्याला वेळ असूनही डोळा लागत नाही. त्याचा मेंदू रात्रीही पहाऱ्यावर असतो. पत्र्यावर सर वाजली की छाती धडधडते. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, कडवट आठवणींची धार कमी होते असं मानलं जातं. ती झोपच तुटली की भीती ताजी राहते, आणि भीती ताजी म्हणून झोप पुन्हा तुटते. त्यावर कुणी दारूचा उतारा शोधतो. तिने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री जाग येते ती येतेच.

पंचनाम्यात घर येतं, गुरं येतात. उडालेली झोप कोणत्या रकान्यात लिहायची? अशा माणसाला ‘विसर आता’ म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा त्याच्यासोबत सरकारी दवाखान्यात जावं. नाहीतर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.