पंपाचा काय दोष?

आमच्याकडं २० वर्षांची जुनी मोटार आहे, पेट्रोलवरची. तिच्यात पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो आणि तो विजेवर चालतो. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद 'गूंऽऽ' असा आवाज येतो. तो आला की समजायचं, गाडी चालू होणार.

गेल्या पावसाळ्यात तो आवाज बंद झाला. गॅरेजवाला म्हणाला, "पंप गेलाय, तात्या." नवा पंप टाकला. आठ दिवस गाडी चालली अन् नवव्या दिवशी पुन्हा बंद. आता नवा पंप तर जाणार नाही. मग पेट्रोलातच काहीतरी असणार. ते आदल्या दिवशी कॅन भरून आमच्या गड्यानं आणलं होतं. १४ वर्षं तो माझ्याकडं कामाला आहे. पारावर, चार माणसांदेखत मी त्याला विचारलं, "काय मिसळलंस रे त्यात? का अर्धं विकलंस?"

तो काही बोलला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि वस्तीकडं चालू लागला.

दोन दिवसांनी तालुक्याहून एक म्हातारा वायरिंगवाला आणला. त्यानं पेट्रोलचा वाससुद्धा घेतला नाही. म्हणाला, "पंपाचा आवाजच येत नाही, तर पेट्रोलाला कशाला बोलायचं?" फ्यूज बघितला, चांगला होता. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावून बघितला, तरी आवाज नाही. मग सीट उचलून पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला.

मी म्हटलं, "करंट येतोय की! म्हणजे हाही पंप गेला."

"थांबा. दिव्याला करंट लागतो चिमूटभर. पंप ओढतो चार-पाच अँपिअर. ओझं पडल्यावर वायर काय करते ते बघायचं."

पंप जोडलेला ठेवून त्यानं मीटर लावला. बॅटरीवर १२ व्होल्ट होते, पंपापाशी जेमतेम ७. मग एक टोक पंपाच्या अर्थिंगच्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे, आले ५ व्होल्ट. "करंट नुसता येऊन भागत नाही, तात्या. त्याला परत जायला वाट लागते. वाट तुंबलीय."

त्यानं खालचं कार्पेट उचललं. अर्थिंगच्या बोल्टावर हिरवा-पांढरा थर चढला होता. बोटानं खरवडून त्यानं विचारलं, "गाडीतून खत कुणी वाहिलं?"

मीच वाहिलं होतं. टेम्पोचं भाडं वाचवायला सीट पाडून पोती टाकायचो. एखादं फाटकं असायचं, वर पावसाची ओल. खतानं पत्रा सडतो हे शेतकऱ्याला काय सांगायचं? पहिला पंप बदलताना वायरी हलल्या, म्हणून आठ दिवस निभावलं एवढंच. त्यानं बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं घासला, आवळला. चावी फिरवली अन् 'गूंऽऽ' आवाज आला. त्यानं १५० रुपये घेतले.

त्या रात्री झोप लागली नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली तर मी ती लगेच वर काढत नाही. आधी फेज बघतो, फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो. लोखंडाला एवढा न्याय देणारा मी, माणसाला का दिला नाही? विचार करता करता एकच उत्तर आलं. मोटार काढायला चार माणसं आणि एक दिवस लागतो. गड्यावर आळ घ्यायला काहीच लागत नाही. तो टोकाला उभा असतो आणि उलटून बोलत नाही. स्वस्तात सापडतो तोच आपल्याला दोषी दिसतो.

सकाळी बांधावर गाठून त्याला म्हटलं, "चुकलो गड्या. खोट माझीच होती." तो म्हणाला, "जाऊ द्या तात्या."

मला हलकं वाटलं. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बोललात पारावर आणि मिटवलंत बांधावर. हे कसलं मिटवणं?"

खरं होतं. आळ जेवढ्या माणसांत घेतला तेवढ्याच माणसांत तो काढायला पाहिजे. नाहीतर आपण फक्त आपल्या मनाचं ओझं उतरवतो, त्याचं तसंच राहतं. संध्याकाळी पारावर गेलो आणि खताच्या पोत्यापासून सगळं सांगितलं. एक-दोघं हसले. गडी तिथंच बसला होता, खाली बघत.

या गोष्टीला वर्ष होत आलं. तो कामावर येतो, पहिल्यासारखाच राबतो. फक्त तेव्हापासून पेट्रोल आणलं की पावती माझ्या हातात ठेवतो. मी कधी मागितलेली नाही.