पाखराचा नेम
कीर्तनात ज्या दृष्टांताला माना डोलतात तो खरा असतोच असे नाही, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले.

भीमेवरील उजनी धरण सन १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास थवे उठतात ते हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांकडे, अंडी घालायला. ७,००० मीटरांहून उंच उडाल्याची नोंद आहे. कालिदासाने मेघदूतात क्रौंचरंध्राला हंसांचे दार म्हटले आहे. (त्याचे हंस पावसाच्या तोंडी निघतात, तो वाद पंडितांनी करावा!)

एका चैत्रात करमाळ्याकडे, त्या पाण्याकाठच्या गावी आमचे कीर्तन होते. पहाटे थवा उत्तरेस जाताना पाहिला होता. रात्री तोच दृष्टांत लावला: पाखराचा नेम चुकत नाही, मग बाबांनो, तुमची वारी कशी चुकते? मंडळी खूश झाली.

कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे माळकरी पाया पडून म्हणाले, "महाराज, पाखरू माघारी जातंय, तिकडं त्याचं घर हाय म्हणून. आमचं गाव ह्याच पाण्याखाली गेलं. आम्ही कुठं माघारी जायचं?"

आम्ही निरुत्तर झालो. धरणाने सोलापूरला पाणी दिले, शिवारात ऊस आणला. पाखरेही त्याच पाण्यापायी येतात. आणि ज्याचे घर त्यात बुडाले, त्यालाच आम्ही पाखराचा कित्ता घालून दिला!

बरे, कित्ता तरी खरा होता काय? दिवस मोठा होऊ लागला की पाखराच्या अंगात उड्डाणाची तयारी आपोआप सुरू होते. राहावे की जावे, हा प्रश्न त्याला पडत नाही. जिथे न करण्याची मोकळीकच नाही, तिथे नेमाचे पुण्य कसले? म्हातारबाबांना घरी बसायला शंभर कारणे होती. तरी महिन्याची एकादशी त्यांनी पंढरीस चुकवली नाही, असे गावकऱ्यांनी मागाहून सांगितले. ते समोर बसले असता आम्ही आभाळात वारकरी शोधत होतो.

तो दृष्टांत आम्ही सोडला, पण त्या गावी जाणे सोडले नाही. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. म्हातारबाबांच्या गावचा पारही तसाच वर येतो म्हणे. मग ते चिखल तुडवीत जातात, दिवा लावतात आणि घटकाभर बसून येतात. हंस तोवर गेलेले असतात.